बंदुकीच्या बदल्यात खोडरबर

धुळ्यातल्या आमच्या गल्लीतले सगळे कमांडो निःशस्त्र होते. परवा ऑफिसात हे वाक्य मी सहज बोलून गेलो, तर समोरच्याला वाटलं मी राजकारणावर घसरलो. मी खेळण्यांबद्दल बोलत होतो. बोटभर उंचीचे, कोपरात नि गुडघ्यात वाकणारे, कमरेत आतून रबराच्या रिंगेनं जोडलेले ते प्लॅस्टिकचे सैनिक. टीव्हीवर त्यांचं कार्टून लागायचं आणि दुकानात ते पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पारदर्शक वेष्टनात मिळायचे. बाकी गावांतल्या पोरांकडे ते रायफली, सुरे, रॉकेट लाँचर घेऊन जायचे. आमच्याकडे ते रिकाम्या हातानं यायचे, आणि प्रत्येकाबरोबर एक खोडरबर यायचा.

हे भंवरकाकांचं काम.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, वह्या, पेनं, राख्यांच्या दिवसांत राख्या, आणि एका बाजूच्या काचेच्या कपाटात खेळणी. त्यांचे आजोबा की पणजोबा राजस्थानातून आले ते आधी साक्रीला, मग तिथून धुळ्याला. काका जन्मले साक्रीत, त्यामुळे अहिराणी त्यांना आमच्यापेक्षा चांगली यायची. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, आणि एखादी गोष्ट गंभीरपणे सांगायची असली की एकदम शाळेच्या पुस्तकातलं मराठी. काका पुस्तकी मराठीत शिरले की आम्ही ओळखायचो, आता काहीतरी जड येतंय.

माणूस किरकोळ अंगाचा. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कानावर पेन. बोलताना तोंडापुढे हात धरायचे. जैन स्थानकात तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधून बसायची सवय, ती दुकानात हातावर भागवायचे. काउंटरवर मुंगी दिसली की गिऱ्हाईक थांबलंच म्हणून समजा. लोकरीची एक इवलीशी झाडणी त्यांनी त्यासाठी ठेवली होती. तिनं मुंगीला हळूच कागदावर घ्यायचं, ओट्याच्या कडेला नेऊन सोडायचं, आणि मग "हं, बोला अक्का, कोनत्या बांगड्या?" अक्काही सवयीनं थांबून राहायच्या. दिवस मावळायच्या आत जेवण म्हणजे जेवण. ऐन गिऱ्हाईकीची वेळ असली तरी काका उठून माडीवर जायचे, आणि त्यांचा मुलगा नितेश तेवढ्या वेळात गल्ल्यावर बसून चरफडायचा. नितेशला वडिलांची लाज वाटायची. आम्हालाही वाटायची कधीकधी त्यांची, पण ते पुढे सांगतो.

असा माणूस कमांडो विकायला बसला कसा, तर जळगावच्या ठोक व्यापाऱ्यानं वह्यांच्या मालाबरोबर एक खोकं त्यांच्या गळ्यात मारलं. पोरं मागतात, ठेवून बघा, म्हणाला. काकांनी खोकं उघडून सैनिक बघितले. सैनिकांना त्यांची हरकत नव्हती. "राखनदार शे तो," म्हणायचे, "राखनदार तं पाहिजेच ना गावले." हरकत होती ती हातातल्या वस्तूला. शस्त्राचा व्यापार करायचा नाही असा त्यांचा नियम होता, आणि नियमात 'खऱ्या शस्त्राचा' असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मग दुपारी दुकानात शुकशुकाट असताना ते ब्लेड घेऊन बसायचे, वेष्टनाची एक कड अलगद उचलायचे, चिमट्यानं बंदूक काढून घ्यायचे, तिच्या जागी एक सुगंधी खोडरबर सारायचे आणि कड स्टेपलरनं बंद करायचे. हे आम्हाला माहीत नव्हतं. कमांडो असेच येतात, अशी आमची समजूत होती.

पुठ्ठ्यावरच्या चित्रात मात्र त्याच कमांडोच्या हातात ही भली मोठी रायफल असायची आणि मागे बर्फाचे डोंगर. आमच्या शेजारचा पिंट्या, गल्लीतला सगळ्यांत आगाऊ पोरगा, त्यानं एकदा विचारलंच. "काका, चित्रात बंदूक आहे, मग आत का नाही?"

काकांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे बघितलं, मग चित्राकडे. "चित्रमा तं बरफ बी शे," ते म्हणाले. "आपला गावमा बरफ पडस का?"

पिंट्यासकट आम्हा सगळ्यांना ते उत्तर साफ पटलं. आजही हे कोणाला सांगताना माझे कान गरम होतात.

विकलेल्या मालाची काळजी मात्र त्यांच्याइतकी कोणी केली नसेल. दोन-चार महिने खेळलं की कमांडोच्या कमरेतली रिंग तुटायची आणि त्याचे दोन तुकडे व्हायचे, वरचा वेगळा, खालचा वेगळा. पोरं रडत दुकानात. काका गिऱ्हाईक बाजूला ठेवून सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा बारीक तुकडा कापायचे, पाठीवरचा स्क्रू काढायचे, तुकडा आकड्यात अडकवायचे आणि माणूस पुन्हा जोडून द्यायचे. जोडून झाला की त्याचे दोन्ही हात वर-खाली करून बघायचे. "जा भाऊ, बरा व्हयना," असं म्हणायचे ते पोराला नाही, कमांडोला.

रविवारी सकाळी ते कार्टून लागायचं. एका रविवारी काका आईनं सांगितलेल्या बांगड्या घेऊन घरी आले, आणि आम्ही पोरं टीव्हीपुढे बसलेलो. निळ्या-लाल किरणांच्या बंदुका चालत होत्या, विमानं पेटत होती. काका दारातच थबकले. एक विमान डोंगरावर आदळून फुटलं तसा त्यांचा हात तोंडावर गेला. तेवढ्यात धुरातून पॅराशूट उघडून पायलट खाली आला. दुसरं विमान फुटलं. त्यातूनही पॅराशूट. मग शत्रूचं फुटलं, त्याचंही पॅराशूट. काका आत येऊन सतरंजीवर बसले. बांगड्या मांडीवर तशाच.

"इतला बाँब फुटनात," ते म्हणाले, "अन् कोनीच मरत नही!"

खरंच कोणी मरायचं नाही त्यात. इतकी वर्षं बघत होतो, पण ते आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी एक कमांडो पडद्यावर येऊन पोरांना उपदेश करायचा, ओल्या हातानं विजेचं बटण दाबू नका, अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका, असलं काही. आम्ही त्या वेळी टीव्ही बंद करायचो. काकांनी हातानं थांबवलं आणि तो सगळा ऐकला. "आनि शेवट व्याख्यान बी शे," ते आईला म्हणाले, आणि आईनं मान डोलावली, कारण तिला काहीच कळलं नव्हतं.

तेव्हापासून दर सोमवारी शाळेत जाताना आम्ही दुकानावरून निघालो की काका काउंटरवरून ओरडायचे.

"काल कोनी मरी गया का?"

"नही काका!"

"शाब्बास!"

जणू आम्हीच वाचवलं होतं सगळ्यांना. आम्हाला शाब्बासकी बरी वाटायची, आम्ही छाती काढून पुढे जायचो.

मग दिवाळीच्या सुट्टीत माझा मावसभाऊ राहुल जळगावहून आला. त्यानं पिशवी आमच्या ओसरीत उपडी केली आणि गल्लीतली सगळी पोरं गोळा झाली. त्याच्या प्रत्येक कमांडोच्या मुठीत काहीतरी होतं. कोणाकडे रायफल, कोणाकडे वाकडा सुरा, एकाच्या खांद्यावर दोन नळ्यांची तोफ. त्यानं आमच्या फौजेकडे बघितलं. आम्ही त्यांचे हात वर करून ठेवायचो, कारण रिकामे हात खाली सोडले की ते रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसायचे.

"हे काय," राहुल म्हणाला, "तुमचे सगळे शरण आलेत?"

लाज काय असते ते मला त्या ओसरीत पहिल्यांदा कळलं. पोरं हसली म्हणून नव्हे. आपल्याला कोणीतरी बनवलं, आणि आपण आनंदानं बनलो, याची ती लाज होती.

आम्ही तसेच दुकानात गेलो. पिंट्या पुढे, मी त्याच्या मागे. राहुलची रायफल पिंट्यानं काउंटरवर आपटली. काकांनी ती पाहिली, नजर बाजूला घेतली आणि पुस्तकी मराठीत शिरले.

"मुलांनो, बंदुका मी काढून घेतो. शस्त्र मी विकू शकत नाही. माझा नियम आहे."

"मग खोडरबर कशाला?"

आता ते परत अहिराणीत आले. बहुतेक हे वाक्य त्यांनी बरेच दिवस तयार ठेवलं होतं. "बंदूक बी पुसस, आनि खोडरबर बी पुसस. पन खोडरबरनं पुसेल परत लिखता येस."

मला ते ऐकून काहीतरी मोठं ऐकल्यासारखं वाटलं. पिंट्याला नाही. तो म्हणाला, "पण काका, ती बंदूक आमची होती ना? आम्हाला विचारलं का तुम्ही?"

काकांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेला काउंटर पुसायला लागले. आम्ही बाहेर पडलो. ते उत्तर द्यायचं टाळतायत असं आम्हाला वाटलं.

खोडरबरांचं पुढे काय झालं, ते काकांना कधी कळलं नाही. आमच्या घरात त्यांचा ढीग साचला होता, स्ट्रॉबेरीच्या वासाचे, केळीच्या वासाचे. राहुलच्या फौजेसमोर आमच्याकडे दुसरं होतंच काय? आम्ही ते बॉम्ब म्हणून फेकायला लागलो. नेम चांगला बसायचा, उसळी तर फारच छान मारायचे, आणि एका खोडरबरात राहुलचे तीन-तीन रायफलवाले आडवे व्हायचे. त्या सुट्टीत आम्ही ते युद्ध जिंकलं. खंडेनवमीला वडील पाटावर विळी, हातोडी, पाने मांडायचे, तेव्हा पुढच्या वर्षी मी त्यात दोन खोडरबर ठेवले आणि हळद-कुंकू वाहिलं. आई म्हणाली, हे काय? मी म्हटलं, अभ्यासाचं आहे.

जॉनची गोष्टही त्याच सुमाराची. रायफलीच्या त्या प्रकारापासून पिंट्या काकांवर खार खाऊन होता. एका सोमवारी नेहमीप्रमाणे काकांनी विचारलं, "काल कोनी मरी गया का?" आणि पिंट्या थांबून म्हणाला, "हो काका. एक मेला. त्याचं पॅराशूट उघडलंच नाही."

काकांच्या हातात रिबिनींचा पुडा होता, तो त्यांनी खाली ठेवला.

"नाव काय त्याचं?"

पिंट्याला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "जॉन," तो म्हणाला.

काका काउंटरमागून बाहेर आले, चपला काढल्या, दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि हात जोडून नवकार मंत्र म्हटला. सगळा. रस्त्यावरून सायकली जात होत्या, शेजारचा पानवाला बघत होता, आणि आतून नितेश "पप्पा, काय लावलंय हे" असं दबक्या आवाजात म्हणत होता. म्हणून झाल्यावर त्यांनी पिंट्याच्या डोक्यावर हात ठेवला. पिंट्याला वाईट वाटलं असेल, असं त्यांना वाटलं असावं. त्या दिवशी पिंट्या शाळेत कोणाशी बोलला नाही. त्यानं खरं काय ते सांगितलं नाही आणि आम्ही कोणीही नाही. कसं सांगणार? काकांनी मग सोमवारचं विचारणंही बंद केलं.

आणखी एक सवय त्यांची सांगायची राहिली. पर्युषण संपलं, संवत्सरी झाली की दुसऱ्या दिवशी काका हात जोडून गल्लीतल्या प्रत्येक घरी यायचे. "मिच्छामि दुक्कडम्. जाणता-अजाणता तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा." आमचे वडील संकोचून "अहो शेठ, तुम्ही कसली क्षमा मागता" म्हणायचे. मोठ्यांपुढे काका एकदा हात जोडायचे आणि पुढे सरकायचे. आम्हा पोरांपुढे मात्र ते जास्त वेळ उभे राहायचे. आम्ही एकमेकांना कोपरं मारून खिदळायचो. आमच्यावर त्यांचा जास्त जीव आहे, असं मी तेव्हा समजायचो.

शिक्षण संपलं, मी जळगावला नोकरीला लागलो, तिथलाच झालो. पिंट्या सुरतेला गेला. आणि मग या चाळिशीच्या पुढच्या वयात मला ते कमांडो परत लागले. लागले म्हणजे व्यसन लागतं तसे. आईच्या ट्रंकेतून माझी जुनी फौज निघाली, ती मी हॉलमधल्या काचेच्या कपाटात मांडली. पाहुणे आले की बायको सांगते, मुलाचे आहेत. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे.

जुन्या खेळण्यांच्या शौकिनांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात नाशिक, पुणे, इंदूरकडची माझ्यासारखीच पोटं सुटलेली मंडळी आहेत. तिथं मी मोठ्या हौसेनं माझ्या फौजेचा फोटो टाकला. उत्तर आलं, "हत्यारं कुठे? सगळे अपूर्ण आहेत." त्याखाली हसणारे चेहरे. मला एकदम राहुलची ओसरी आठवली. मी रागानं सगळी हकीकत लिहून टाकली, भंवरकाका, ब्लेड, खोडरबर. मला वाटलं लोक हळहळतील. एकानं लगेच विचारलं, "काढलेली हत्यारं त्या म्हाताऱ्यानं फेकली की ठेवली?" आणि दुसऱ्यानं लिहिलं, ठेवली असतील तर भाऊ, तुमच्या नशिबात राजयोग आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि काकांच्या आठवणीनं नव्हे.

पुढच्याच सुट्टीला मी धुळ्याची एस.टी. पकडली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी फोनवर दुर्मिळ हत्यारांचे फोटो मोठे करकरून बघत होतो, म्हणजे समोर आलं तर ओळखता यावं. काका हयात आहेत, माडीवर असतात, एवढं विचारून घेतलं होतं. कशाला येतोय हे कोणाला सांगितलं नव्हतं.

दुकानात आता मोबाईलची कव्हरं टांगलेली. नितेश गल्ल्यावर. केस गेलेले, वडिलांसारखंच कपाळ. मला बघून उठला आणि हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, अवी."

"तुलाही," मी म्हटलं.

म्हटल्यावर मला कळलं की आदल्या दिवशी संवत्सरी होती. आणि हेही की 'तुलाही' हे त्याचं उत्तर नाही. नितेशनं मोठ्या मनानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "पप्पा खूश होतील," तो म्हणाला. "आणि त्यांनी तो डबा काढला तर घेऊन जा रे बाबा एकदाचा. ऑनलाइन विकू म्हटलं तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

डबा. मी जिना चढलो तो एखाद्या पोरासारखा.

माडीवरच्या खोलीत जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. एक गादी, पाण्याचं भांडं, भिंतीला टेकलेला लाकडी पाट, आणि खिडकीच्या उजेडात काका. फार बारीक झाले होते. हातात माळ होती आणि ओठ हलत होते. मी दारात उभा राहिलो. ते गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घेत होते, पुटपुटत. साक्रीचा कोणी नाना, कोणी अक्का, त्यांची बायको. आणि मग, अगदी त्याच सुरात, "पिंटूना जॉन."

मला खाली उतरून निघून जावंसं वाटलं. गेलो असतो तर बरं झालं असतं.

"कोन शे?"

"मी अवी, काका."

"अवी? कमांडोवाला?" त्यांना डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण चेहरा उजळला. ते धडपडत उठले, मी नको नको म्हणेपर्यंत माझ्यासमोर उभे राहिले आणि हात जोडले. पूर्वीसारखे, जास्त वेळ. "मिच्छामि दुक्कडम्. आज तू जळगावहून इतक्या लांब आलास. मला वाटलंच होतं, कोणीतरी येईल."

मी क्षमापनेला आलोय, असं त्यांना वाटलं होतं. मी ते तसंच वाटू दिलं.

मग त्यांनी पाटामागून बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा काढला आणि आमच्या मधे ठेवला. स्वतः झाकणाला हात लावला नाही. आणि पुस्तकी मराठी सुरू झालं, थांबत थांबत.

"अवी, मी आता हळूहळू सगळं सोडतो आहे. दुकान सोडलं. घर मुलाच्या नावे केलं. कपडे दोन ठेवले. जे आपलं आहे ते सोडता येतं. पण हे माझं नाहीच. मग हे मी सोडू कसं? त्या दिवशी पिंटूनं विचारलं होतं, आम्हाला विचारलं का? नव्हतं विचारलं. न दिलेलं घेतलं मी. याला आमच्यात चोरीच म्हणतात. बंदूक विकली असती तर एक नियम मोडत होता, काढून घेतली तर दुसरा मोडला. हे मला तेव्हा समजलं नाही, पोरानं विचारलं तेव्हा समजलं. तेव्हापासून सांभाळून ठेवल्या आहेत. फेकल्या असत्या, पण दुसऱ्याची वस्तू फेकायची कशी?"

ते दर वर्षी आमच्यापुढे हात जोडून एवढा वेळ का उभे राहायचे, ते मला त्या गादीवर बसून कळलं.

"परत देतो म्हटलं तर तेही होत नाही," ते म्हणाले. "शस्त्र मी हातानं कोणाला देणार नाही. म्हणून तू असं कर. मी तिकडे तोंड करतो. तू तुझं उचल. मी दिलं नाही, तू तुझं नेलंस. बाकीच्या पोरांनाही सांग. डबा रिकामा झाला की मी सुटलो."

आणि ते वळले. भिंतीकडे तोंड करून, हात जोडून उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती. सदऱ्याच्या आत खांद्यांची हाडं, मानेवरचे पांढरे बारीक केस.

मी झाकण उघडलं. डबा भरलेला होता. सगळ्या गल्लीच्या बंदुका, पुसून ठेवलेल्या, धुळीचा कण नाही. वरच माझ्या बर्फवाल्या कमांडोची रायफल होती, दुर्बीण लावलेली. चित्रात जशी होती तशीच. मी ती उचलली. लहानपणी जिच्यासाठी जीव टाकला ती वस्तू काडीएवढी होती. तिच्याखाली मला एसटीत बघितलेलं सगळं दिसायला लागलं. दोन नळ्यांची तोफ. वाकडा सुरा, मूठ न तुटलेला. यातलं माझं काही नव्हतं. ती तोफ पिंट्याच्या कमांडोची, सुरा कोणाचा कोण जाणे. म्हातारा भिंतीकडे बघत होता. माझा हात आत गेला आणि ती दोन्ही माझ्या मुठीत आली. किती सहज आली, तेच मला अजून खातं.

"आपलंच लेजो हां, भाऊ," काका म्हणाले.

त्यांनी मागे बघितलं नव्हतं. संशयानंही म्हणाले नव्हते. काउंटरवर पोरांची गर्दी झाली की 'आपापलंच घ्या' म्हणायचे तसं, सवयीनं. मी तोफ आणि सुरा परत ठेवला. आवाज होऊ नये म्हणून हळू ठेवला, आणि त्या हळूपणाचीसुद्धा लाज वाटली.

"खोडरबर वापरले ना रे तुम्ही?" त्यांनी भिंतीला विचारलं. "तेवढाच आधार वाटतो मला. घेतलं ते घेतलं, पण बदल्यात काही उपयोगाचं दिलं."

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर ते सुखानं झोपले असते. पण नुकताच मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून काय करून बसलो होतो! आणखी एक गोष्ट त्या पाठीमागे माझ्यानं होईना.

"नाही काका. पुसायला नाही वापरले. आम्ही ते बॉम्ब म्हणून फेकायचो. राहुलच्या कमांडोंवर."

खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. मग काका अहिराणीत बोलले.

"कोनी मरी गया का?"

"नही काका."

"शाब्बास." त्यांनी उसासा टाकला. "एक जॉनच तेवढा."

"जॉन बी नही, काका," मी म्हणालो. "पिंट्यानं थाप मारली होती. जॉन नावाचं कोणी नव्हतंच."

"नव्हताच?"

"नव्हताच."

इतकी वर्षं त्या माणसाचं नाव घेतलेलं. आता ते रागावतील, किंवा रडतील, असं मला वाटलं. त्यांचे जोडलेले हात सुटून खाली आले, एवढंच मागून दिसलं.

"मंग तं लई बेस व्हयनं," ते म्हणाले. आणि लपंडावात राज्य आलेलं पोर विचारतं तसं, भिंतीकडेच बघत, "फिरू का आते?"

मी रायफलीवर मूठ मिटली आणि हात पाठीमागे नेला. पण मी खरा कशासाठी आलो होतो ते सांगायचं अजून राहिलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय 'फिरा' म्हणायला माझं तोंड उघडेना.